मूलपेशीचा न्यूरॉन घडवताना: कोणता सिग्नल, कधी आणि किती

खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव शहर इथली अनेक मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि पुढे बायोटेक्नॉलॉजी किंवा न्यूरोसायन्ससाठी धारवाड, कोल्हापूर, पुणे, बेंगळुरू गाठतात. प्रयोग अडला की त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा सारखाच असतो: ‘सगळे रिएजंट टाकले, प्रमाणही बरोबर होतं, तरी न्यूरॉन का झाले नाहीत?’ वही उघडून पाहिली की कारण सहसा वेळापत्रकात सापडतं. पेशीने काय व्हायचं हे ठरवणाऱ्या बीएमपी, नॉच, डब्ल्यूएनटी, एफजीएफ या सिग्नलांची नावं तोंडपाठ असतात, पण एकच सिग्नल तिसऱ्या दिवशी एक काम करतो आणि तिसऱ्या महिन्यात दुसरंच, हे ध्यानात घेतलेलं नसतं. बीएमपी सुरुवातीला दाबावा लागतो, आणि शेवटी अॅस्ट्रोसाइट (मेंदूत न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी) हवे असतील तर तोच बाहेरून द्यावा लागतो.

इथे मानवी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशी मागे नेऊन केलेल्या, शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या मूलपेशी) न्यूरल मूलपेशी आणि तिथून न्यूरॉन किंवा ग्लिया (अॅस्ट्रोसाइटसारख्या आधारपेशी) हा मार्ग घेतला आहे. उंदराच्या पेशींना तत्त्वं तीच लागू होतात, दिवस मात्र बरेच कमी लागतात. म्हणून उंदराच्या प्रोटोकॉलमधला दिवसांचा आकडा मानवी पेशींसाठी उचलू नका.

## सुरू करण्याआधी

### परवानगी

मानवी मूलपेशींवर काम असेल तर संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीकडे प्रस्ताव आधी जायला हवा. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. पेशी मागवून झाल्यावर कागद फिरवत बसू नका.

याच तत्त्वांतली आणखी एक गोष्ट घरी-गावी सांगण्यासारखी आहे. रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर इतर आजारांत रुग्णावर मूलपेशींचा वापर मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. तुम्ही ‘स्टेम सेल’वर काम करता हे कळलं की कुणाच्या तरी आजारी मुलाचे आईवडील विचारायला येतात. डिशमध्ये न्यूरॉन तयार होणं म्हणजे उपचार तयार होणं नव्हे, हे त्यांना स्पष्ट सांगा. जमीन विकून कुठल्या क्लिनिकची वाट धरण्यापासून एखादं घर त्यामुळे वाचू शकतं.

### शेवटापासून उलटं लिहा

शेवटी कोणती पेशी हवी ते आधी ठरवा: पुढच्या मेंदूतला कॉर्टिकल न्यूरॉन, मध्यमेंदूतला डोपामिन न्यूरॉन, मज्जारज्जूतला मोटर न्यूरॉन की अॅस्ट्रोसाइट. ‘नुसता न्यूरॉन’ असं काही नसतं. ठरलं की मागे येत लिहा: ओळख कोणत्या मार्करने (त्या पेशीची खूण असलेल्या जीनने किंवा प्रथिनाने) पटणार, त्याआधी पेशी कुठल्या अवस्थेत असायला हवी, त्यासाठी कुठला पाथवे (सिग्नल पेशीच्या आत पोहोचवणारी रेणूंची साखळी) चालू आणि कुठला बंद हवा. ए-४ कागदावर दिवस आडवे आणि पाथवे उभे मांडून तक्ता करा आणि तो इनक्युबेटरच्या दारावर चिकटवा.

सावधान: दोन प्रोटोकॉल एकत्र करू नका. मध्यमेंदूसाठी काही पद्धती चिर-९९०२१ (डब्ल्यूएनटी चालू करणारा रेणू) तिसऱ्या दिवसापासून ३ मायक्रोमोलर देतात, तर काही पहिल्या दिवसापासून १ मायक्रोमोलरहून कमी देतात. दोन्ही आपापल्या जागी चालतात, कारण मीडियम आणि सुरुवातीचा दिवस वेगळा असतो. एकीचा दिवस आणि दुसरीचा डोस घेतला की पेशी भलत्याच भागाची होते.

### पार्सल, पाऊस आणि वीज

आपल्याकडे रिएजंट बहुधा बेंगळुरू, पुणे किंवा मुंबईहून येतात. वितरकाला सांगून पार्सल सोमवारीच निघेल असं पाहा. शुक्रवारी निघालेला कोरडा बर्फ रविवारच्या सुट्टीत गोदामातच उडून जातो. मॅट्रिजेल (पेशी बसाव्यात म्हणून डिशवर लावायचा थर) आणि बी-२७ (मीडियममध्ये घालायचं पूरक) गोठलेलेच हातात पडायला हवेत. वितळलेलं मॅट्रिजेल आलं तर ते पुन्हा गोठवून ‘बघू’ म्हणून ठेवू नका, परत पाठवा. वाळवलेल्या पावडरच्या रूपात आलेल्या ग्रोथ फॅक्टरना प्रवासाचा त्रास त्यामानाने कमी होतो.

जून ते सप्टेंबर बुरशीचा काळ. खानापूरकडच्या पावसात भिजून आलेले पुठ्ठ्याचे खोके कल्चर रूममध्ये नेऊ नका, बाहेरच उघडा. इनक्युबेटरमधल्या ट्रेचं पाणी दर आठवड्याला बदला, तिथे निर्जंतुक पाणीच घाला, आणि एसीचे फिल्टर पावसाआधी धुऊन घ्या.

वीज गेली तर इनक्युबेटरचं दार उघडायचं नाही, हा नियम सगळ्यांना सांगून ठेवा. बंद दारामागे तापमान आणि कार्बन डायऑक्साइड काही काळ टिकतात. ‘पेशी ठीक आहेत का’ म्हणून दार उघडणाऱ्यामुळेच बहुतेक वेळा नुकसान होतं. वीज कधी गेली, कधी आली हे वहीत लिहा. पुढे एखाद्या बॅचमध्ये विचित्र निकाल आला तर ही नोंद सोन्यासारखी ठरते.

### स्टॉक आणि गणित

चुका इथे शांतपणे घडतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

एसबी-४३१५४२ आणि एलडीएन-१९३१८९ हे टप्पा ३ मधले दोन इनहिबिटर, म्हणजे पाथवे रोखणारे रेणू. एसबी-४३१५४२चा १० मिलिमोलर स्टॉक डीएमएसओ या द्रावकात करा. ५० मिलिलिटर मीडियममध्ये त्याचे ५० मायक्रोलिटर टाकले की १० मायक्रोमोलर होतात आणि डीएमएसओ ०.१ टक्का. एलडीएन-१९३१८९चा स्टॉक १ मिलिमोलर ठेवा. ५० मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोलिटर म्हणजे १०० नॅनोमोलर. १० मिलिमोलर स्टॉकमधून ०.५ मायक्रोलिटर उचलायचा प्रयत्न करू नका, कुठलंही पिपेट ते खात्रीने देत नाही. एलडीएन मूळ रूपात आणि हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपातही मिळतं. दोघांचं रेणूवजन वेगळं असतं आणि विरघळणंही वेगळं. बाटलीवरचं वजन वापरा, सीनिअरच्या जुन्या वहीतलं नको.

डीएमएसओ १८.५ अंश सेल्सियसला गोठतो. डिसेंबर-जानेवारीतल्या बेळगावच्या सकाळी तो टेबलावरच्या बाटलीतही घट्ट झालेला दिसतो. उणे २० अंशांतून काढलेली कुपी वरून पातळ दिसली तरी तळाशी स्फटिक असू शकतात. पूर्ण वितळू द्या, व्होर्टेक्स करा, हलकं स्पिन करा, मगच पिपेट घाला. डीएमएसओ हवेतली ओल ओढून घेतो, त्यामुळे पावसाळ्यात मोठी बाटली सतत उघडण्यापेक्षा छोट्या कुप्या करून ठेवा.

रेटिनॉइक अॅसिड प्रकाशात खराब होतं. कुप्यांना फॉइल गुंडाळा आणि हूडचा दिवा मंद करून काम करा.

तपासा: सगळे रेणू मिळून डीएमएसओ किती टक्के झाला याची बेरीज करा. तेवढाच डीएमएसओ घातलेलं, पण रेणू नसलेलं कंट्रोल प्रत्येक प्रयोगात ठेवा.

### प्रत्येक पाथवेची एक साक्ष

पाथवे खरंच बंद झाला की नाही हे कळायला दहा दिवस थांबायची गरज नाही. प्रत्येक पाथवेचं एखादं लक्ष्य-जीन काही तासांत ते सांगतं आणि साध्या क्यूपीसीआरवर (जीन किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) दिसतं. बीएमपीसाठी आयडी-१, डब्ल्यूएनटीसाठी अॅक्सिन-२, सॉनिक हेजहॉगसाठी ग्ली-१, नॉचसाठी हेस-५, रेटिनॉइक अॅसिडसाठी सिप-२६-ए-१, एफजीएफसाठी डस्प-६. या सहांचे प्रायमर प्रयोग सुरू होण्याआधी मागवून, तपासून ठेवा. महागड्या अँटिबॉडीपेक्षा यांच्यावरचा खर्च आधी करावा, असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा १: सुरुवातीच्या पेशी पारखून घ्या

वसाहती सपाट, दाट, काठ स्वच्छ असलेल्या हव्यात. कडेला पसरट, लांबट पेशी दिसत असतील तर त्या आधीच वाट सोडून निघाल्या आहेत. त्या खरवडून काढा किंवा नवी कुपी वितळवा.

मायकोप्लाझ्माची चाचणी करून घ्या. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, फक्त पेशींचं वागणं बदलतो. कॅरिओटाइपही (गुणसूत्रांची तपासणी) हवाच, पण त्यात एक उणीव आहे. आयपीएस पेशींमध्ये २०व्या गुणसूत्रावरच्या २०क्यू११.२१ या भागाची जादा प्रत वारंवार आढळते. ती इतकी लहान असू शकते की नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये निसटते, आणि अशा पेशी न्यूरल दिशेने नीट जात नाहीत. पूर्वी चांगली चालणारी लाइन (एकाच मूळ साठ्यातून वाढवत आणलेल्या पेशी) काही पॅसेजनंतर (पेशी नव्या डिशवर हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) अचानक ‘रुसली’ तर या जागेची वेगळी क्यूपीसीआर किंवा फिश चाचणी करा.

## टप्पा २: पेरणीची घनता

अॅक्युटेज या एन्झाइमने पेशी सुट्या करा, मोजा आणि प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे २ ते ३ लाख या हिशेबाने मॅट्रिजेलवर पेरा. सुट्या पेशी मरू नयेत म्हणून पहिले २४ तास रॉक इनहिबिटर वाय-२७६३२, १० मायक्रोमोलर. दुसऱ्या दिवशी डिश जवळजवळ पूर्ण भरलेली दिसायला हवी. भरली नसेल तर एक दिवस मूळ मीडियममध्येच ठेवा. इंडक्शन (पेशींना न्यूरल दिशेला वळवणं) घाईने सुरू करू नका.

घनतेला इतकं महत्त्व का? पेशी विरळ असताना तेच इनहिबिटर दिले तरी बऱ्याच पेशी न्यूरल क्रेस्टकडे (मेंदूबाहेरच्या नसा वगैरे घडवणाऱ्या पेशींकडे) वळतात. तुम्हाला मिळतात सॉक्स-१० दाखवणाऱ्या, भटकणाऱ्या पेशी, आणि तुम्ही एलडीएनला दोष देत बसता.

सावधान: मॅट्रिजेल रात्रभर ४ अंशांवर, बर्फात खोचून वितळवा. टिप आणि नळ्याही थंड हव्यात. १० अंशांच्या वर ते घट्ट व्हायला लागतं आणि डिशवर गुठळ्या बसतात. मग पेशीही गुठळ्यांतच बसतात.

सावधान: रॉक इनहिबिटर २४ तासांनंतर काढायला विसरू नका. तो राहिला तर पेशींचा आकार बदलतो आणि पुढचं निरीक्षण फसतं.

## टप्पा ३: दोन्ही स्मॅड दाबा (दिवस ० ते १०)

टीजीएफ-बीटा या सिग्नल-कुटुंबाच्या दोन शाखा इथे कामाला असतात. बीएमपी आपल्या रिसेप्टरमार्फत स्मॅड-१, ५ आणि ९ या निरोप्या प्रथिनांना फॉस्फेट लावतो. अॅक्टिव्हिन आणि नोडल हे स्मॅड-२ आणि ३ यांना लावतात. दोन्ही गट पुढे स्मॅड-४ला सोबत घेऊन केंद्रकात जातात. एलडीएन पहिली शाखा थांबवतं, एसबी दुसरी. दोन्ही थांबल्या की आयपीएस पेशीला त्वचा, स्नायू, आतडं या दिशांना जायचा हुकूम मिळत नाही आणि ती न्यूरल होते.

फक्त एलडीएन दिलं तर अॅक्टिव्हिन-नोडल चालू राहतो आणि काही पेशी ऑक्ट-४ (मूळ आयपीएस अवस्थेची खूण) धरून बसतात. फक्त एसबी दिलं तर बीएमपी त्यांना भलतीकडे नेतो. एक संपलं म्हणून ‘आज दुसऱ्यावर भागवू’ असं करू नका. दोन्ही नसतील तर त्या दिवशी प्रयोग सुरूच करायचा नाही.

मीडियम: डीएमईएम/एफ-१२ आणि न्यूरोबेसल निम्मंनिम्मं, त्यात एन-२ आणि व्हिटॅमिन ए नसलेलं बी-२७. व्हिटॅमिन ए असलेलं बी-२७ याच नावाने, जवळजवळ तशाच बाटलीत येतं. त्यातल्या व्हिटॅमिन एपासून पेशी रेटिनॉइक अॅसिड तयार करू शकतात, आणि रेटिनॉइक अॅसिड पेशींना मेंदूच्या मागच्या भागाकडे ढकलतं. कॉर्टिकल न्यूरॉन हवेत आणि हॉक्स जीन (मागच्या भागाची खूण) दिसतात, तर आधी ही बाटली पाहा.

मीडियम रोज बदला. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर पेशी इतक्या होतात की रात्रीत मीडियम पिवळं पडतं. तेव्हा प्रमाण दीडपट-दुप्पट करा. रविवारी वसतिगृहातून गावी जायचं म्हणून शनिवारी जास्त मीडियम घालून ठेवण्याचा प्रकार या टप्प्यात चालत नाही. जोडीदार ठरवा.

तपासा (पहिल्या दिवशी): काही तासांनी आयडी-१ खाली आला का? वेस्टर्न ब्लॉटची सोय असेल तर फॉस्फो-स्मॅड-१/५ आणि फॉस्फो-स्मॅड-२ दोन्ही पाहा. पेशी फोडण्याच्या बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर नसेल तर फॉस्फेट नळीतच निघून जातं आणि पाथवे बंद झाल्याचा खोटा आनंद मिळतो.

तपासा (दिवस ८ ते १०), आणि इथे खरोखर थांबा: ऑक्ट-४ गेलेला असावा, पॅक्स-६ (न्यूरल पेशीची खूण) बहुसंख्य पेशींत आलेला असावा. माझी मर्यादा ८० टक्के आहे. त्याखाली असेल तर पुढे जाऊ नका.

सॉक्स-२ पाहून समाधान मानणं ही इथली सर्वांत मोठी चूक. सॉक्स-२ आयपीएस पेशीतही असतो आणि न्यूरल मूलपेशीतही, म्हणजे तो असल्याने काहीच सिद्ध होत नाही. नेस्टिनही एकटा पुरेसा नाही, तो इतरही पेशींत दिसतो. ऑक्ट-४ची अनुपस्थिती, पॅक्स-६ आणि सॉक्स-१ यांची उपस्थिती, हे तिन्ही एकत्र हवेत. ऑक्ट-४ धरून राहिलेल्या थोड्या पेशीही पुढे झपाट्याने वाढतात आणि अख्खी डिश व्यापतात.

## टप्पा ४: मेंदूचा भाग ठरवणं

या टप्प्याला मुदत असते. पश्चिमेकडच्या भातपट्ट्यात तरवा (भाताची रोपं) वेळेवर उपटून लावला नाही तर नंतर कितीही खत घाला, फुटवे येत नाहीत; इथेही तसंच. न्यूरल होत असतानाच पेशी ‘मी कुठल्या भागाची’ हे ऐकून घेते. पॅक्स-६ पक्का बसून आठवडे झाल्यावर दिलेल्या डब्ल्यूएनटीचा तो अर्थ उरत नाही, तेव्हा तो फार तर पेशीविभाजन वाढवतो. म्हणून काही पेशींसाठी टप्पा ३ आणि ४ एकमेकांवर चढलेले असतात.

पुढचा मेंदू हवा असेल तर काहीच देऊ नका. दोन्ही स्मॅड दाबल्यावर पेशी आपणहून तिकडेच जातात. लाइन हट्टी असेल तर डब्ल्यूएनटी रोखणारं एक्सएव्ही-९३९ मदत करतं. ओळख: फॉक्स-जी-१.

मध्यमेंदूतले डोपामिन न्यूरॉन हवे असतील तर सॉनिक हेजहॉग आणि थोडा डब्ल्यूएनटी सुरुवातीपासून. हेजहॉग प्रथिनाऐवजी पर्मॉर्फामिन किंवा एसएजी वापरता येतं, दोन्ही स्मूदन्डला थेट चालू करतात. डब्ल्यूएनटीसाठी चिर-९९०२१. ते जीएसके-३ला रोखतं, त्यामुळे बीटा-कॅटेनिन नष्ट होत नाही आणि केंद्रकात जाऊन काम करतं. ओळख: फॉक्स-ए-२ आणि एलएमएक्स-१-ए एकाच पेशीत. वेगवेगळ्या पेशींत दिसले तर ते यश नव्हे.

मोटर न्यूरॉनसाठी रेटिनॉइक अॅसिड मागे खेचतं, हेजहॉग खालच्या बाजूला. साधारण १ मायक्रोमोलर रेटिनॉइक अॅसिड आणि सोबत एसएजी. आधी ऑलिग-२, नंतर एचबी-९.

चिरच्या डोसबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक बॅचेस इथेच बिघडतात. पहिल्या दिवसापासून देण्याच्या पद्धतीत ०.७ मायक्रोमोलरच्या आसपास मध्यमेंदू मिळतो. त्याहून थोडं वर गेलं की मागचा मेंदू, थोडं खाली आलं की पुढचा. प्रत्येक लाइनचा नेमका आकडा वेगळा, बाटलीचा लॉट बदलला की पुन्हा थोडा वेगळा. म्हणून मोठी बॅच लावण्याआधी २४-वेल प्लेटमध्ये ०, ०.४, ०.६, ०.८, १.० आणि १.५ मायक्रोमोलर असे डोस लावा. दहाव्या-अकराव्या दिवशी फॉक्स-जी-१, ओटीएक्स-२, ईएन-१, जीबीएक्स-२ आणि हॉक्स-ए-२ यांची क्यूपीसीआर करा. फॉक्स-जी-१ गेला, ओटीएक्स-२ आणि ईएन-१ आहेत, जीबीएक्स-२ अजून आलेला नाही, अशी वेल सापडली की तो तुमच्या लाइनचा डोस. हे दोन आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात. ते वाचवणारे पुढे तीन महिने घालवतात.

## टप्पा ५: रोझेट आणि वाढ

दहाव्या दिवसानंतर पेशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोल रचना करतात, त्या रोझेट. मध्यभागी झेडओ-१ या प्रथिनाचं कडं दिसतं. न्यूरल नलिकेची ही डिशमधली आवृत्ती आहे, आणि मूलपेशी निरोगी असल्याची चांगली खूणही.

या अवस्थेत एफजीएफ-२ पेशींना विभाजन करत ठेवतो, प्रमाण २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. साधा एफजीएफ-२ ३७ अंशांवर दिवसभरातच बराच निकामी होतो, म्हणून तो रोज ताजा घाला किंवा उष्णतेत टिकणारा प्रकार घ्या. ईजीएफ घातला की वाढ जोरात होते, पण पेशी हळूहळू ग्लियाकडे झुकतात. न्यूरॉनच हवे असतील तर ईजीएफ टाळा आणि थोड्याच पॅसेजमध्ये काम आटोपा.

पहिले एक-दोन पॅसेज डिस्पेजने तुकड्यातुकड्यांनी करा. लगेच ट्रिप्सिनने सुट्या पेशी करण्यामागे मोजणीची सोय असते, पण नॉचचा लिगंड (त्याला चालू करणारं प्रथिन) शेजारच्या पेशीच्या पटलावर बसलेला असतो. शेजारी तुटला की सिग्नलही तुटतो. मग काही पेशी वेळेआधीच न्यूरॉन होतात आणि मूलपेशींचा साठा आटतो.

कुप्या याच अवस्थेत गोठवा. पॅक्स-६ची टक्केवारी, पॅसेज आणि चिरचा लॉट क्रमांक लेबलवर हवा.

सावधान: ‘पेशी अशक्त दिसतात’ म्हणून सीरम घालू नका. सीरममध्ये बीएमपीसारखे घटक असतात, पेशी पसरट होतात आणि जीएफएपी (अॅस्ट्रोसाइटची खूण) दाखवू लागतात.

## टप्पा ६: नॉच काढून घेणं

डेल्टा किंवा जॅग्ड हा लिगंड शेजारच्या पेशीवरून नॉचला चिकटतो. आधी अॅडॅम-१० आणि मग गॅमा-सिक्रिटेज नॉचला कापतात. आतला तुकडा केंद्रकात जाऊन आरबीपी-जे सोबत हेस-१ आणि हेस-५ चालू करतो. हेस प्रथिनं अॅस्कल-१ आणि न्यूरोजेनिन-२ या न्यूरॉन घडवणाऱ्या जीनना दाबून ठेवतात, म्हणून पेशी मूलपेशीच राहते. डॅप्ट हा रेणू गॅमा-सिक्रिटेज रोखतो आणि बऱ्याच पेशी एकाच वेळी न्यूरॉनच्या वाटेला लागतात.

क्रम असा:

१. पेशी पॉलिऑर्निथिन-लॅमिनिन लावलेल्या डिशवर हलवा. पॉलिऑर्निथिन तीनदा धुवा, उरलेलं विषारी असतं.

२. पेशी बसल्या की एफजीएफ-२ काढा.

३. त्याच दिवशी डॅप्ट १० मायक्रोमोलर द्या, काही दिवसांपुरतंच.

एफजीएफ चालू ठेवून डॅप्ट दिलं तर पेशीला दोन उलट हुकूम मिळतात. बरीच मुलं नेमकं हेच करतात, कारण ‘एफजीएफ पेशींना चांगला’ ही समजूत मागच्या टप्प्यातून सोबत आलेली असते. डॅप्ट आठवडेच्या आठवडे ठेवणंही चूक. गॅमा-सिक्रिटेज फक्त नॉच कापत नाही, त्याची गिऱ्हाइकं अनेक आहेत.

तपासा (२४ तासांनी): हेस-५ खाली, अॅस्कल-१ किंवा न्यूरोजेनिन-२ वर. हेस-१वर भरवसा ठेवू नका. मूलपेशीत तो थोड्या तासांच्या लयीत वरखाली होत असतो, आणि इतर पाथवेही त्याला हलवतात. काही दिवसांनी की-६७ (विभाजनाची खूण) कमी आणि डीसीएक्स (कोवळ्या न्यूरॉनची खूण) जास्त दिसायला हवा.

## टप्पा ७: न्यूरॉन पिकू देणं

आता बी-२७ व्हिटॅमिन ए असलेलं, आणि मीडियम पूर्ण न्यूरोबेसल. डीएमईएम/एफ-१२मध्ये ग्लुटामेट असतं, पिकत आलेल्या न्यूरॉनना ते सतत उत्तेजित करून मारू शकतं. न्यूरॉनना टिकवणारा बीडीएनएफ २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि अॅस्कॉर्बिक अॅसिड २०० मायक्रोमोलर घाला. मीडियम आता निम्मंच बदला, कडेने, हळू. सगळं मीडियम एकदम काढलं की तंतू डिशपासून सुटून गोळा होतात.

बीटा-३ ट्युब्युलिन दिसला म्हणजे न्यूरॉनची ओळख पटली, तो पिकला असं नव्हे. त्यासाठी मॅप-२, सिनॅप्सिन आणि शक्य तिथे विद्युत नोंद हवी. मानवी पेशींना यासाठी आठवडे नव्हे, कधी कधी महिने लागतात. इथे घाई करू नका.

## टप्पा ८: ग्लिया हवे असतील तर

सीएनटीएफ किंवा एलआयएफ ही सिग्नल-प्रथिनं जॅक-स्टॅट पाथवे चालू करतात, स्टॅट-३ जीएफएपी जीनवर जाऊन बसतो. पण लहान वयाच्या मूलपेशीत त्या जागेवर मिथाइलचं आवरण असतं आणि स्टॅट-३ला बसता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या पॅसेजला कितीही सीएनटीएफ ओता, अॅस्ट्रोसाइट येत नाहीत. पेशींना वय होऊ द्यावं लागतं. ते झाल्यावर एलआयएफसोबत बीएमपी-४ द्या. स्मॅड-१ आणि स्टॅट-३ यांना पी-३०० जोडतो आणि दोघांचा परिणाम एकट्याहून कितीतरी जास्त होतो.

जीएफएपी एकटा पाहू नका, तो रेडियल ग्लियातही (घडणाऱ्या मेंदूतल्या मूलपेशींत) असतो. एस-१००-बीटा किंवा अॅक्वापोरिन-४ सोबत हवा. ऑलिगोडेंड्रोसाइटसाठी (न्यूरॉनच्या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी) मार्ग वेगळा: हेजहॉग, मग पीडीजीएफ-एए, शेवटी टी-३ संप्रेरक, ओळख ऑलिग-२, सॉक्स-१०, ओ-४, एमबीपी या क्रमाने.

## आकडे लिहिताना

एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कुपीपासून सुरू केलेली तीन डिफरन्सिएशन म्हणजे तीन. शक्य असेल तर दुसरी आयपीएस लाइनही घ्या, कारण एका लाइनचा स्वभाव पाथवेचा नियम म्हणून लिहिला जातो. मार्करची टक्केवारी मोजताना फोटोची जागा तुम्ही निवडू नका. आधी ठरलेल्या ठिकाणी फोटो काढा आणि मोजणी अशा मित्राकडून करून घ्या, ज्याला कुठली डिश कशाची हे माहीत नाही.

एमएस्सीच्या एका सेमिस्टरचा प्रकल्प असेल तर टप्पा ३ वरच थांबा. एलडीएन एकटं, एसबी एकटं, दोन्ही आणि डीएमएसओ अशा चार अटी. पहिल्या दिवशी आयडी-१, दहाव्या दिवशी ऑक्ट-४ आणि पॅक्स-६. हे सगळं तीनदा. पेशी वाढवून स्थिर करायला लागणारा वेळ धरला तरी हे चार महिन्यांत बसतं. परीक्षकासमोर अर्धवट पिकलेल्या न्यूरॉनच्या सुंदर फोटोपेक्षा हे चार रकाने जास्त ठामपणे मांडता येतात. उरलेल्या न्यूरल मूलपेशी पुढच्या बॅचसाठी गोठवा आणि त्यांचा पूर्ण दिनतक्ता, वीज गेल्याच्या वेळांसकट, कुपीच्या खोक्यासोबत ठेवा.